गाळलेली चार मिनिटं

“थांबव. मागे घे थोडं,” आई म्हणाली.

मुलीने रिमोट उचलून चित्र दहा सेकंद मागे नेलं. टीव्हीवर एक तळं होतं, काठाला धुकं होतं आणि चित्रावर चाललेल्या दोन म्हाताऱ्यांच्या गप्पा तिथे येऊन थांबल्या होत्या. आईचं तोंड टीव्हीकडे नव्हतंच. काचबिंदूने दोन्ही डोळे नेल्यापासून ती एक कान पुढे करून बसायची. नव्या माणसाला वाटायचं, बाई भिंतीवर रुसून बसल्या आहेत.

“आता ऐक. ह्यांची खुर्ची करकरतेय. ती करकर पुरी होत नाही, मध्येच तुटते. इथे कापलंय.”

पहिल्यांदा मुलीला काहीच जाणवलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून ऐकलं, तेव्हा ती अर्धी करकर सापडली. तीही दिवसभर कानांवरच पोट भरणारी. इस्पितळात डॉक्टर लोक यंत्रात पुटपुटून ठेवतात ते अहवाल ऐकून टाइप करणं हे तिचं काम. ऐकलं ते सगळं उतरवायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि त्यातलं काही गाळायचं नाही. एका डॉक्टरांनी मध्येच बायकोला फोनवर भाजी काय आणू म्हणून विचारलं होतं, तर तेही तिने रुग्णाच्या अहवालात इमानेइतबारे टाइप केलं होतं. तरी हा जोड तिच्या कानांतून चार वर्षं निसटला होता.

आईच्या कानांतून निसटणं कठीणच होतं. डोळे होते तेव्हा आई सिनेमाच्या सेटवर कंटिन्युइटी बघायची. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांत चार दिवस चित्रित होतो. पहिल्या दिवशी नटाच्या हातातला कप अर्धा असेल, तर चौथ्या दिवशीही तो अर्धाच असायला हवा. पदर कुठल्या खांद्यावर होता, मेणबत्ती किती जळली होती, दार उघडं होतं की लोटलेलं, हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि वहीत लिहायचं. सेटवर तिला चित्रगुप्त म्हणत. तिने हात वर केला की भलेभले नट मुकाट्याने पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभे राहत.

बाबा त्याच सेटवर कॅमेरामन होते. हा सिनेमा दोघांनी मिळून केलेला शेवटचा. तो आला, चार लोकांनी बघितला आणि गेला. मग वीस वर्षांनी कुण्या हौशी कंपनीने त्याची डीव्हीडी काढायची ठरवली आणि दिग्दर्शकाला नि बाबांना एका खोलीत बसवून सिनेमा बघता बघता बोलायला लावलं. रिमोटवरचं एक बटण दाबलं की पात्रांचे संवाद खाली जातात आणि हे दोघे बोलू लागतात. ह्या ढगासाठी आम्ही अडीच तास थांबलो. ही खुर्ची निर्मात्याच्या घरची, मोडली तर खैर नव्हती. आता डावीकडून बाई येईल, तिच्या सावलीकडे बघा, ती सावली खरी नाही. सिनेमा तोच असतो, पण आपल्या शेजारी माहितगार माणूस बसल्यासारखं वाटतं. त्यातून बाबांना बोलायची भारी हौस. एकदा तोंडाचा पट्टा सुटला की ते कुणाला आवरायचे नाहीत.

ते जाऊन सहा वर्षं झाली होती. आईची नजर त्यानंतर दोन वर्षांनी गेली, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी ती डीव्हीडी लागायची. तिला आता कुठलाच सिनेमा दिसत नव्हता, पण हा एकच सिनेमा तिला कुणीतरी सांगत होतं. डावीकडून बाई येईल, असं बाबा म्हणाले की डावीकडून बाई यायचीच. मुलगी कामावरून आली की तीही शेजारी बसायची. घरात बाबांचा आवाज असला की स्वयंपाकसुद्धा लवकर उरकतो असं तिला वाटायचं.

फक्त तळ्याच्या प्रसंगात बाबा गप्प होते. चार मिनिटं तेही बोलत नाहीत आणि दिग्दर्शकही बोलत नाहीत. कुणी बोलायला नसलं की सिनेमाचा मूळ आवाज वर येतो. पाण्याची चुळचुळ ऐकू येते, आणि गुडघाभर पाण्यात उभी असलेली सहा वर्षांची एक मुलगी म्हणते, “बघ, पाय दिसतच नाहीत माझे.”

ती ताई, मुलीची थोरली बहीण. धाकटी आज एक्केचाळीस वर्षांची होती, केस पिकू लागले होते, आणि त्या सहा वर्षांच्या मुलीला ती ताईच म्हणायची. तिच्या जन्माआधी दोन वर्षं ताई गेली. हिवाळ्यातल्या सकाळी तळ्यात उभं करून तिचे सात टेक घेतले, दुसऱ्या दिवशी ताप भरला आणि नवव्या दिवशी सगळं संपलं. सहावा टेक चांगला झाला होता, सातवा बाबांनी हट्टाने मागितला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईच ते सांगायची. भांडण दुधाच्या पातेल्यावरून सुरू झालेलं असो की वीजबिलावरून, ते शेवटी त्याच तळ्यापाशी जाऊन थांबायचं. “तुमच्या एका टेकपायी गेली माझी पोर.” एरवी शब्दाला शब्द देणारे बाबा तेवढं ऐकून घ्यायचे आणि चपला घालून बाहेर पडायचे. लहानपणी मुलीला त्यांचा राग यायचा. मोठी झाल्यावर राग गेला, पण त्यांना माफ केलं असं तिने मनाशीसुद्धा कधी म्हटलं नाही.

“ते काहीतरी बोललेत तिथे,” आई म्हणाली. “कापून टाकलंय. काय बोललेत ते मला हवंय. तू जा त्यांच्या दिग्दर्शकाकडे.”

“आता कुठे मिळणार ते, आई?”

“त्या माणसाने आयुष्यात साधी सुतळी टाकून दिलेली नाही. त्याच्याकडे असणार.”

आईने आजवर काही मागितलं नव्हतं. डोळे गेले तेव्हाही तिने, आता भांडी कुठे कुठे ठेवलीत तेवढं सांग, इतकंच म्हटलं होतं. मुलीने पुढच्याच सुट्टीच्या दिवशी दिग्दर्शककाकांचं घर गाठलं.

काका मुलाकडे राहत होते. खोली एकच होती, आणि तिच्यात माणसापेक्षा खोकीच जास्त. वहिनी कशा आहेत, हे त्यांनी तीनदा विचारलं. मुलीने येण्याचं कारण सांगितलं, तसे ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. कॉमेंटरी करून घरी गेल्यावर तुझ्या बाबांचा फोन आला होता, असं त्यांनी सांगितलं. तेवढं काढून टाक, एवढंच म्हणाले होते. त्यांनी ते कंपनीला काढायला लावलं, पण मूळ रेकॉर्डिंग स्वतःकडे ठेवून घेतलं. मग त्यांनी नातवाला हाक मारून ते पेनड्राइव्हवर घालून दिलं.

“तू आधी एकटी ऐक,” ते दाराशी म्हणाले. “मग वहिनींना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी काही सांगितलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी इस्पितळात जेवणाची सुट्टी झाली, सगळ्या बाहेर गेल्या आणि मुलगी आपल्या टेबलाशीच बसून राहिली. तिने कानांवर हेडफोन चढवले. सवयीने पाय खालच्या पेडलवर गेला, तो दाबला की आवाज थांबतो. बोटंही आपोआप टाइप करायच्या तयारीत आली. तळं आलं, खुर्ची करकरली, आणि या वेळी ती करकर पुरी झाली.

“हा सातवा टेक,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता, शेजारी कुणी झोपलं असावं तसा होता. “सहावा चांगला झाला होता. मी कॅमेरा उतरवायला घेतला होता. हिने हात वर केला. पोरीची बाही खाली आली होती, आधीच्या शॉटमध्ये ती कोपरापर्यंत वर होती. तिचं कामच ते, चुकलं काहीच नाही तिचं. मी म्हटलं, घेऊ अजून एक. घरी सगळे म्हणतात तो माझा हट्ट होता. म्हणू देत. तिच्या वहीतलं ते पान मी नंतर फाडून टाकलं.”

“असू दे रे,” दिग्दर्शक म्हणाले.

“तिला आठवत नाही ते. आठवत असतं तर ती मला एवढं बोलली नसती. ती तशी नाही.”

मग बराच वेळ काहीच नव्हतं. ताई पाण्यात उभी राहून आपले पाय शोधत होती.

“की आठवतं, आणि म्हणूनच बोलते?” बाबा म्हणाले. “असो. बोलू दे. कुणालातरी बोलायलाच हवं ना तिने.”

मुलीने पेडल दाबलं. बाबांबद्दल चाळीस वर्षं मनात धरलेलं काहीतरी तिच्या हातातून सुटलं, आणि आता ते कुणाजवळ कबूल करायचं हे तिला कळेना. ज्याला सांगायचं तो माणूस उरला नव्हता. चपला घालून बाहेर पडणारी त्यांची पाठ तिला आठवली. त्या पाठीमागून आपण एकदा तरी जायला हवं होतं, असं वाटून तिला रडू आलं. सहकारी परत आल्या तेव्हा सर्दी झाली आहे म्हणून तिने वेळ मारून नेली.

घरी जाताना तिने सगळं ठरवून ठेवलं. मूळ रेकॉर्डिंगमध्येही बाबा गप्पच आहेत, असं सांगायचं. एक ठसका लागला होता, तेवढाच कापला आहे. आईचं वय झालं होतं आणि नजर गेली होती. या वयात ही गोष्ट तिच्या पदरात टाकायची, तर त्यापेक्षा खोटं परवडलं.

पेनड्राइव्ह इस्पितळात लावून बघते, असं मुलीने सकाळी सांगितल्यापासून आई दाराकडे कान करूनच बसली होती. मुलीने पर्स ठेवली आणि ठरवलेलं सगळं ठरवल्याप्रमाणे सांगितलं.

“ठसका,” आई म्हणाली.

“हो.”

“ह्यांना ठसका लागला की चारदा लागायचा. एकाने त्यांचं कधी भागलं नाही.” तिने शेजारची जागा थोपटली. “बस इथे.”

मुलगी बसली. आईने चाचपडत तिचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं.

“बाही खाली आली होती तिची,” आई म्हणाली. “मीच हात वर केला होता.”

मुलगी आणखी जवळ सरकली.

“पाणी किती गार होतं ते मला ठाऊक होतं. तिचे पाय मीच पुसत होते प्रत्येक टेकनंतर. तरी हात वर केला. बाही कुणाला दिसणार होती गं? चार लोकांनी तर बघितला सिनेमा.” तिचा आवाज फुटला नाही, पण मनगटावरची बोटं आवळली. “घरी सगळे जमले होते. कुणीतरी विचारलं, कशाला घेतला अजून एक टेक? माझ्या तोंडून निघून गेलं, ह्यांनी मागितला. हे तिथेच उभे होते. काही बोलले नाहीत. मग ते तसंच राहिलं. एकदा बोललं की पुढे बोलत राहावंच लागतं.”

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आईने तेवढा आवाज लांब जाऊ दिला.

“रोज ऐकते ते एवढ्यासाठीच,” ती म्हणाली. “आज बोलतील, उद्या बोलतील. त्यांनी खरं सांगितलं असेल तर सांगू दे, त्याची मला भीती नाही. मला एकच कळायला हवंय. मला आठवत होतं, हे त्यांना माहीत होतं का?”

मुलीने आईकडे बघितलं. काही दिसत नसतानाही आईचे डोळे तिच्या तोंडावर खिळले होते.

“त्यांनी सांगितलंय,” मुलगी म्हणाली. “बाही खाली आली होती, हिने हात वर केला, हे सगळं. तुझं काही चुकलं नाही, असं म्हणाले.”

“आणि?”

“म्हणाले, ‘तिला आठवत नाही ते. आठवत असतं तर ती मला एवढं बोलली नसती. ती तशी नाही.’”

“तशी नाही म्हणाले?”

“हो.”

“पुढे?”

पुढचं वाक्य मुलीला तोंडपाठ होतं. मधला थांबासुद्धा किती सेकंदांचा ते ती सांगू शकली असती.

“पुढे काही नाही,” ती म्हणाली. “मग ते ढगांबद्दल बोलायला लागले.”

आईने मान हलवली. मनगट सोडून तिने दोन्ही तळवे आपल्या तोंडावर घेतले आणि ती रडू लागली. ताईच्या नावाने ती पुष्कळदा रडली होती, बाबा गेले तेव्हाही रडली होती, पण हे रडणं मुलीने पूर्वी ऐकलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने पदराने नाक पुसलं आणि पेनड्राइव्हसाठी हात पुढे केला.

“मला ऐकव ना ते. त्यांच्या तोंडून.”

मुलीने पर्स उघडली. पेनड्राइव्ह वरच होता. तिने तो मुठीत घेतला आणि पर्सची चेन लावली.

“कॉम्प्युटरला लावून बघितलं गं मी,” ती म्हणाली. “एकदाच चालला. आता नाही चालत.”