दुसऱ्या भट्टीचा माणूस

गुरुवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पोस्टमनने बेकरीत एक पत्र दिलं. मालकिणीच्या जावयाने सोमवारी सातला भरती कार्यालयात हजर व्हावं, सोबत मोज्यांच्या दोन जोड्या आणाव्यात, एवढाच मजकूर होता.

“दुसऱ्या कुणाचं तरी असेल,” मालकीण म्हणाली. लढाईचं चौथं वर्ष चालू होतं आणि एक नियम सगळ्यांना तोंडपाठ होता : इस्पितळाला पाव देणाऱ्या प्रत्येक भट्टीमागे एका माणसाला भरती माफ. तिच्याकडे भट्ट्या दोन. पहिलीवर वीस वर्षं काम करणारा जुना कारागीर, दुसरीवर जावई. मुलगा मात्र नियम निघायच्या आधीच आघाडीवर गेला होता आणि अकरा महिने ‘बेपत्ता’च्या यादीत होता.

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं : संदर्भ, आपला बारा तारखेचा अर्ज.

मालकिणीने ती ओळ पुन्हा वाचली. अर्ज तिचाच होता. दुसऱ्या भट्टीच्या तळाला तडा गेला होता, पाव खालून करपत होते, म्हणून तिने सरकारकडे भट्टीच्या चाळीस विटा मागितल्या होत्या. तेव्हा जावईच म्हणाला होता, “आई, जरा रंगवून लिहा. नुसता तडा म्हटलं तर विटा आपल्या नातवंडांना मिळतील.” तिने रंगवलं होतं : दुसरी भट्टी पूर्णपणे बंद आहे.

“सासू-जावयाने मिळून निबंध लिहिला,” गल्ल्यावरून मुलगी म्हणाली, “आलं बक्षीस.” आणि पाठ फिरवून रिकामे ट्रे पुसत राहिली.

भरती कार्यालयाच्या खिडकीत मफलर गुंडाळलेला कारकून होता.

“काकू, भट्टी बंद, म्हणजे तिच्यामागचा माणूस मोकळा. यात माझं काय चुकलं?”

“भट्टी चालू आहे हो! आज सकाळीच तीनशे पाव काढले.”

“मग अर्जात खोटं लिहिलंत?”

तिची मान हो म्हणायला हलली.

“तसं कबूल नका करू,” तो हळूच म्हणाला. “त्याचा वेगळा फॉर्म आहे. त्यापेक्षा भट्टी दुरुस्त झाली असं म्हणा आणि निरीक्षकाचा दाखला आणा.”

शुक्रवारी जावयाने मागच्या दाराच्या पायऱ्या फोडून विटा काढल्या. कारागिराने माती कालवली. तो एरवी दिवसभर बडबडायचा. त्या दिवशी त्याने मालकिणीच्या नजरेला नजर दिली नाही. दोघांपैकी एकालाच माफी उरली होती, हे त्यालाही समजत होतं.

निरीक्षक शनिवारी तीनला आला. आघाडीवरून परतलेला होता. कोटाची डावी बाही पिनने वर टाचलेली. त्याने भट्टीच्या तोंडाशी हात धरला, पाव उलटा करून बूड पाहिलं, मोडून वास घेतला, दाखल्यावर ‘चालू’ असं लिहिलं.

“सुटलो बाबा,” जावई म्हणाला.

“भट्टी सुटली,” निरीक्षक म्हणाला. “माणसाचं खातं माझ्याकडे नाही.”

मालकीण अंगावरच्या पिठासकट कार्यालयात धावली. कारकुनाने दाखला दोनदा वाचला.

“पण आकडा गुरुवारीच वरच्या कार्यालयात गेलाय, काकू. या महिन्यात आपल्या भागातून एकशे चाळीस. गेल्या महिन्यात नव्वद होते. त्यातले किती उरले ते विचारू नका, म्हणून तर एकशे चाळीस झाले. एक नाव काढायचं तर त्या जागी एक द्यावं लागतं.” त्याने पेन उचललं. “पहिल्या भट्टीवर कोण आहे?”

मालकिणीने तोंड उघडलं. कारागिराची धाकटी अजून रांगत होती. मालकिणीने तोंड मिटलं.

“मग अपील लिहा,” कारकून म्हणाला.

या वेळी तिने तीनच ओळी लिहिल्या. काही रंगवलं नाही. कारकुनाने शिक्का मारला : चारशे बारा.

सोमवारी जावई निघाला तेव्हा मुलीने पिशवी तपासली.

“एका मोज्याला भोक आहे.”

“असू दे. सडका माल म्हणून परत पाठवतील.”

ती हसली नाही. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही, आणि मालकिणीला त्याला हाक मारायचं सुचलं नाही. ‘बापू, चुकलं माझं,’ एवढंच म्हणायचं होतं.

नवव्या दिवशी सकाळी सरकारी ट्रक आला आणि दुकानासमोर विटा उतरवल्या. मालकिणीने मोजल्या. पुऱ्या चाळीस, एकही फुटकी नाही. ड्रायव्हरने पावती पुढे केली. तिच्यावर छापलेलं होतं : दुसऱ्या भट्टीच्या कारागिराची सही.

“तो नाहीये,” मुलगी म्हणाली.

“कधी येईल?”

मुलीने आईकडे पाहिलं. आईने पेन घेऊन स्वतःच सही केली.

त्याच दुपारी तिने प्रशिक्षण केंद्राला फोन लावला. एकशे चाळीस जणांची तुकडी आदल्याच दिवशी आघाडीकडे गेली होती. कुठे, ते सांगता येत नव्हतं. अपील क्रमांक चारशे बारा विचाराधीन होतं.