मागच्या दाराचं तेवढं बघा

शाळांचे गणवेश शिवून देणारा हा मालक लबाड नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शिलाईवाल्या अठरा बायकांचा पगार त्याने कधी एक दिवस लांबवला नव्हता. फक्त सरकारी माणूस बोलतो एक आणि त्याचा अर्थ असतो भलताच, एवढं ज्ञान त्याने अकरा वर्षांत पक्कं केलं होतं. "बघू" म्हणजे काहीतरी द्या, "अवघड आहे" म्हणजे जरा जास्त द्या.

यंदा आगीच्या सुरक्षेचा दाखला सोमवारपर्यंत हातात पडला नाही, तर दोन हजार गणवेशांचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं. तपासणीला नवीन बाई आल्या. दुसऱ्या मजल्यावरचा तो लांबट हॉल त्यांनी फिरून पाहिला, चहा नको म्हणाल्या आणि निघताना म्हणाल्या, "बाकी ठीक आहे. मागच्या दाराचं तेवढं बघा, मग सही करते."

मालकाचा जीव भांड्यात पडला.

"स्पष्ट बोलली बाई," तो बायकोला म्हणाला. ती पार मागे, इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती.

"अहो, दाराचंच म्हणाल्या असतील."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

खालच्या छापखानेवाल्यानेही मान डोलावली. "नवीन आहे, लाजत असेल. तूच हात जरा सैल सोड. अरे, ह्याला लाच म्हणतात होय? सगळेच देतात, कामं होतात, कुणाचं काय बिघडलं?"

दुसऱ्या दिवशी मालक कार्यालयात गेला, आणि कहर म्हणजे तिथेही मागच्या दाराने गेला. जुन्या फायलींच्या खोलीतून, शिपायाच्या स्टुलाला वळसा घालून तो बाईंच्या टेबलाशी पोचला आणि पाकीट पुढे सरकवलं.

"हे काय?"

"मागच्या दाराचं, मॅडम."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पाकीट न उघडता परत ढकललं. "काका, मी तुमच्या हॉलचं मागचं दार म्हणत होते. कापडाचे गठ्ठे रचलेत तिथे. आग लागली तर बायका पळतील कुठून? गठ्ठे हलवा आणि मोकळ्या दाराचा फोटो पाठवा. कागदावर पलीकडे लोखंडी जिना आहे, म्हणजे अडचण नाही. आणि हे पाकीट पुन्हा आणू नका, तक्रार करावी लागेल."

मालकाला कुठे तोंड लपवू असं झालं.

"आधीच्या साहेबांनी कधी दाराचं काढलं नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही. ते फार चांगले होते," तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं.

परत येऊन सगळ्यांनी मिळून गठ्ठे हलवले. कडी गंजली होती. तेल घातलं, हातोडी मारली, तेव्हा कुठे दार उघडलं. मालक पाऊल बाहेर टाकणार, तोच बायकोने मागून त्याचा शर्ट धरला. बाहेर जिना नव्हताच. भिंतीत गंजलेले चार बोल्ट होते आणि दोन मजले खाली फरशी. कधीतरी कुणीतरी तो जिना भंगारात विकला असणार. अकरा दाखल्यांवर मात्र तो उभा होता.

छापखानेवाला आवाज ऐकून वर आला होता. "दार लाव आणि फोटो काढ," तो हळूच म्हणाला. "तिला काय दिसणार आहे?"

मालकाने दार लावलं. फोटो काढला. फोटो चांगला आला. सोमवारचा दाखला, दोन हजार गणवेश, अठरा जणींचे पगार, सगळं आता एका बोटावर होतं.

"अहो," बायको म्हणाली, "अकरा वर्षं मी ह्याच दाराशी इस्त्री करतेय. आग लागली असती तर गठ्ठे ढकलून पहिली मीच इथून धावले असते."

मालकाला रडू आवरेना. अठरा बायका बघत होत्या, पण त्याला त्याची शुद्ध नव्हती. त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि सगळ्यांना खाली जायला सांगितलं. मग दार सताड उघडून खालच्या फरशीचा फोटो काढला, तो बाईंना पाठवला आणि त्याखाली लिहिलं, "मॅडम, सही करू नका."