चादरीचं दुसरं टोक

"या हॉटेलात माणसं झोपायला येतात की कुस्ती खेळायला?" सगळे ज्याला रेडिओ म्हणत, तो मावशींच्या नाकाशी नाक आणून पुटपुटला.

चादरीची घडी घालताना तेवढं जवळ यावंच लागतं. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, मग समोरासमोर चालत येऊन आपले कोपरे दुसऱ्याच्या हातात द्यायचे. त्यामुळे धुलाईच्या खोलीत कुणाशी भांडण परवडत नाही. घडी वाकडी येते.

"खेळू देत बापडे," मावशी म्हणाल्या. "त्यांच्या कुस्तीवरच आपली चूल पेटते."

रेडिओ हा बॅटरी न संपणारा माणूस. जेवताना मावशी डबा उघडून डोळे मिटायच्या, तेव्हा तर त्याला चेवच यायचा. "हळू बोला, वर फोन लागलाय!" किंवा, "मावशी, तुमच्या येशूने पाण्याचा द्राक्षारस केला म्हणतात. आमच्या साबणाच्या पाण्याचं काही जमतंय का विचारा!" खोली हसायची. विनोद बरा असला तर मावशींनाही हसू फुटायचं, पण त्या ते 'आमेन'बरोबर गिळून टाकायच्या.

इस्त्रीच्या यंत्रावरची नवी मुलगीही हसायची. तिचं हसणं मात्र त्यांच्या घशात अडकायचं, कारण ती त्यांची सून होती.

हे कुणाला सांगायचं नाही, ही सुनेचीच अट. कामावर येण्याआधीच तिने बजावलं होतं, "आई, तिथे मी तुम्हाला मावशीच म्हणणार. आधीच्या जागी प्रार्थनेवरून मी फार ऐकून घेतलंय. पुन्हा नको." घरी हीच पोर जेवणाआधी सगळ्यांच्या आधी हात जोडायची. इथे झाकण पुरतं निघायच्या आत पहिला घास तोंडात. मावशींनी मान डोलावली होती. सासू-सून दिवसभर एका खोलीत आणि ओळख ना पाळख!

खोलीला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. दोन डब्यांत रोज तीच भाजी, तीही तेवढीच करपलेली. पण तीच बोलत नाही तर आपण कशाला बोलायचं, म्हणून सगळ्याजणी गप्प. पत्ता नव्हता तो एकट्या रेडिओला. सतत बोलणाऱ्याला ऐकू कुठून येणार?

मग एके दिवशी त्याने कहरच केला. कमरेला ओला टॉवेल गुंडाळला, वाळवणाच्या दांडीला पाठ टेकली, दोन्ही हात पसरले आणि मान टाकून ओरडला, "अरे, कुणीतरी उतरवा रे मला! चादरी राहिल्यात!"

खोली खदखदून हसली. सून सगळ्यांत मोठ्याने.

मावशी आपलं टोक धरून उभ्या होत्या. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "तो खरोखर क्रुसावर टांगलेला होता ना, तेव्हाही लोक असेच हसले होते. त्याला सवय आहे, बाबा. मला नाही. मला लागतं." आणि लगेच, "चल, कोपरे घे."

रेडिओचे कान लाल झाले. त्याने कोपरे घेतले. घडी वाकडी आली.

घरी कांदा चिरताना सून उसळली. "तुम्ही त्याला काही बोलत का नाही?"

"बोलले की. लागतं म्हणाले."

"आणि पुन्हा त्याच्याचबरोबर घड्या!"

"मग काय एकटीने घालू? माझा हात भाजला तेव्हा बर्फ घेऊन तोच धावला होता. माणूस वाईट नाही गं. तोंडाला झाकण नाही, एवढंच." मावशींनी सुनेकडे पाहिलं. "त्याचं हसणं मी पोटात घालते, पण तुझं..."

सून चिरलेलाच कांदा पुन्हा चिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत रेडिओ बंद होता. मावशींनी डोळे मिटले तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायलं. दुपारी मावशी इस्त्रीच्या यंत्रावर बसल्या आणि घड्यांना सून रेडिओसमोर उभी राहिली. इतका वेळ गप्प राहून त्याची जीभ अवघडली असावी. कोपरे घेऊन जवळ येताच तो कुजबुजला, "मावशी मनाला लावून बसल्यात. हसवू या त्यांना. मी पुन्हा लटकतो, तू खाली बसून रडणारी त्याची आई हो. तुला जमेल, काल सगळ्यांत मोठ्याने तूच हसलीस."

त्याने कोपरे पुढे केले. तिने घेतले नाहीत. तिच्या हातातलंही टोक सुटलं आणि पांढरी चादर घसरत जमिनीवर आली. जमिनीला लागलेली चादर पुन्हा धुवायला जाते, हे तिथे सगळ्यांना पाठ.

"अगं, काय करतेस!"

"मला नाही जमणार."

"का? काय झालं?"

खोलीतल्या सगळ्याजणी एकाएकी आपापल्या टॉवेलांत बुडाल्या. यंत्र थांबलं. मावशींनी सुनेकडे बघून हलकेच मान हलवली: नको, माझ्यासाठी नको.

"त्या माझ्या सासूबाई आहेत," सून म्हणाली. "आणि तुम्ही ज्याची नक्कल करता ना, दादा, त्याच्यापुढे मीही रोज हात जोडते. काल हसले, ते भीतीने हसले."