आईच्या गालावरचा डाग

माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत काय नाही ते विचारा. तीन लेन्स, दोन फ्लॅश, धूळ उडवायचा रबरी फुगा, आणि जगातलं कुठलंही मेमरी कार्ड वाचतो म्हणून हौसेने घेतलेला, एकदाही न वापरलेला रीडर. फोटो बिघडला की मी नवी वस्तू घ्यायचो. "नाचता येईना, अंगण वाकडं," बायको म्हणायची. पण एका कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं: कॉम्प्युटरवर फोटो साफ करणं. सुरकुत्या, पुटकुळ्या, मागे लोंबणारी वायर, सगळं गायब. साफ झाला की मूळ फोटो पुसून टाकायचो. कचरा घरात ठेवायचा कशाला?

आईच्या डाव्या गालावर भाजल्याचा डाग होता, अंगठ्याएवढा, कडेने चुरगळलेला. विचारलं की म्हणायची, "माझाच वेंधळेपणा, दुसरं काय!" आईबाबांचं इस्त्रीचं दुकान होतं, तिथे भाजणं नवलाचं नव्हतं. तो डाग मी पहिल्यांदा पुसला तेव्हा ऐटीत तिला दाखवायला गेलो. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "छान आहे रे," म्हणाली, "पण ही कोण?" मला ती शाबासकी वाटली. नंतरच्या चौदा वर्षांत तिचे शेकडो फोटो काढले आणि एकूण एक फोटोतून तो डाग पुसला.

आई जाऊन अकरा महिने झाले. बाबांची स्मरणशक्ती आधीच दगा द्यायला लागली होती. ते माझ्याकडे राहायला आले आणि रोज संध्याकाळी सहाला दार सताड उघडून समोर खुर्ची टाकून बसायला लागले. "ती दुकान बंद करून येतेय. दार लावू नका." ती गेली म्हणून सांगितलं की मान डोलवायचे, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. ती आल्याशिवाय जेवायचे नाहीत. ताट गार व्हायचं. शर्ट खांद्यावरून घसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, "तिचे फोटो दाखवून बोलत राहा. ती गेल्याचं कदाचित मनाला पटेल."

फोटोंना आमच्याकडे काय तोटा! सगळ्यात देखणा निवडून, मोठा करून भिंतीवर लावला. बाबांनी जवळ जाऊन पाहिला.

"कोण या बाई?"

"आई आहे, बाबा."

"तुझी का? बरं, बरं." परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाले आणि खुर्चीकडे वळले.

मी दुसरा दाखवला. दहावा दाखवला. शेवटी माझा तोल गेला. "एकेचाळीस वर्षं संसार केलात ना हिच्याशी?" मी ओरडलोच. बाबा अंग चोरून बसले. हळूच म्हणाले, "रागावू नकोस रे. पण हिचा गाल बघ. हा तिचा नाही."

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या डिस्क उपसल्या. डाग असलेला एकही फोटो नव्हता. जुन्या अल्बममधले फोटोसुद्धा मी स्कॅन करून साफ केले होते आणि मूळ कागद टाकून दिले होते. माझी सफाई चोख होती. मला माझ्या हातांची लाज वाटली.

बायकोनेच खणातून एक जाडजूड कार्ड काढलं. "हे कशाचं?" माझ्या पहिल्या कॅमेऱ्याचं. आता ते कुठल्याच यंत्रात बसत नव्हतं. "तुझा तो रीडर कधी कामाला येणार?" ती म्हणाली. या वेळी चिडवत नव्हती.

रीडरने कार्ड वाचलं. त्यात फक्त चाचणीचे फोटो होते. रंग जुळवायला मी आईला स्टुलावर बसवून हातात करडा पुठ्ठा धरायला दिला होता. एका फोटोत तिचे डोळे मिटलेले, दुसऱ्यात डोकं चौकटीबाहेर गेलेलं. तिसऱ्यात पुठ्ठा कलला होता आणि ती कंटाळून मला काहीतरी सुनावत होती. डाव्या गालावर डाग. साफ करण्याच्या लायकीचासुद्धा फोटो नव्हता, म्हणून वाचला. मी पडद्याला हात लावून रडलो.

संध्याकाळी चेहरा खऱ्याएवढा मोठा करून, घरच्या प्रिंटरवर छापून तो बाबांच्या हातात दिला. त्यांनी काही विचारलं नाही. अंगठा त्या डागावर ठेवला. नेमका बसला.

"माझ्या हातून झालं हे," ते म्हणाले. "लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. गिऱ्हाईकाशी भांडत होतो, रागाने इस्त्री अशी भिरकावली. कुणाला बोलली नाही ती. माझाच वेंधळेपणा म्हणायची." मग फोटोलाच विचारलं, "दुखतं का गं अजून?"

बाबांनी मान वर केली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते माझ्याकडे मुलाकडे बघावं तसं बघत होते.

"ती गेली ना रे?"

"हो, बाबा."

ते रडले, आवाज न करता. मग फोटोची घडी करून खिशात ठेवली, भिंतीचा आधार घेत उठले आणि स्वतःच्या हाताने दार लावलं.