सोनबांना शनी दाखवायचा होता

मित्रांनो, मला जुनी म्हणायला तुम्ही कचराल. माझ्या नळीवरचा पांढरा रंग अजून कुठे उडालेला नाही आणि तिपाईचे तिन्ही पाय शाबूत आहेत. तरीही मी एक जुनी दुर्बीण आहे. पुण्यात, नऱ्ह्याच्या एका फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या वरच्या माळ्यावर, फाटक्या गादीला टेकून मी पडून आहे. माझ्या भिंगाला आतून बुरशी धरली आहे. मी ज्या कामासाठी या घरात आले, ते काम माझ्याकडून झालं नाही आणि आता ते कोणाकडूनच होणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. काच घासून घासून माझं भिंग केलं, ते नळीत बसवलं, आणि एका माणसाने दूरच्या दिव्याकडे रोखून मला तपासलं. मग खोक्यात बंद. खोक्यावर रंगीत तेजोमेघांची आणि मोठ्या थोरल्या शनीची चित्रं छापली होती. ती चित्रं पाहून माणसं मला घरी नेतात आणि पहिल्याच संध्याकाळी निराश होतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मला घरी आणलं पूर्णिमाने. ती मूळची साकोलीकडची, भंडारा जिल्ह्यातली. पुण्यात एका आयटी कंपनीत नोकरीला होती. इतक्या वर्षांत तिची बोली पार पुणेरी झाली होती. आई गेल्यावर तिने वडिलांना, सोनबांना, आपल्याजवळ आणलं. सोनबा गावच्या शाळेत शिपाई होते. पूर्णिमा त्याच शाळेत शिकली.

ती लहान असताना नागपूरहून काही मंडळी शाळेच्या मैदानावर दुर्बीण घेऊन आली होती. मुख्याध्यापकांनी सोनबांना सांगितलं, रांग सांभाळा. सोनबांनी रांग सांभाळली. एकेक पोर डोळा लावी आणि "कडं दिसलं, कडं दिसलं!" म्हणत उड्या मारी. पूर्णिमा तर पुन्हा रांगेत शिरली. वडिलांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तिने शनी दोनदा पाहिला. रांग संपली तेव्हा पाहुण्यांना परतायची घाई झाली होती. दुर्बिणीवर झाकण बसलं. ते जड खोकं खांद्यावर घेऊन जीपपर्यंत सोनबांनीच पोचवलं.

सोनबा ही गोष्ट हसत हसत सांगायचे. पूर्णिमाला मात्र तिच्यात हसण्यासारखं काही सापडत नसे.

"बाबा, हे बघा काय आणलंय!" खोकं दिवाणखान्यात ठेवत ती म्हणाली, तेव्हा सोनबा खुर्चीवर बसले होते. त्यांनी हात पुढे करून खोक्याच्या कडा चाचपल्या.

"काय हाय हे? टीव्ही?"

"दुर्बीण. तुम्हाला शनी दाखवायचाय."

सोनबांनी खोक्यावरून पुन्हा हात फिरवला. मग म्हणाले, "एवढं काऊन केलंस, पोरी?" पण त्यांचा चेहरा उजळला होता. मी तो पाहिला आहे, म्हणून सांगते.

नव्या माणसाच्या हातात दुर्बीण पडली की जे होतं, ते सगळं आमच्याही बाबतीत झालं. पूर्णिमाने पहिल्याच दिवशी मला सर्वांत जास्त मोठं दाखवणारं आयपीस, म्हणजे डोळा लावायची छोटी नळी, बसवलं. त्यात आकाशाचा इतका लहानसा तुकडा दिसतो की काही सापडणंच कठीण. माझ्या अंगावरचा छोटा फाइंडर, ज्यातून आधी नेम धरायचा असतो, तो तिने जुळवलाच नव्हता. बाल्कनीतून एका चांदणीकडे मला रोखलं, तर मी समोरच्या इमारतीच्या सज्ज्यावरची पाण्याची नळी दाखवत होते. तिपाई थरथरत होती. आतल्या खोलीतली गरम हवा बाल्कनीच्या दारातून बाहेर येत होती आणि जे काही दिसे ते पाण्याखाली असल्यासारखं हले.

"फसवलं दुकानदाराने," ती चिडून म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. पण मी काय बोलणार?

मग पावसाळा आला. पुण्याच्या पावसाळ्यात आकाश महिनोन्‌महिने दिसत नाही. मी कोपऱ्यात उभी होते. पूर्णिमा हट्टी होती. शनिवार पेठेत हौशी आकाशनिरीक्षकांचं एक मंडळ भरे, तिथे ती मला घेऊन गेली. तिथल्या राधाताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"दुर्बीण घेतलीत, उत्तम. आकाश कुठून आणणार आहात?"

"बाल्कनी आहे ना आमची."

"बाल्कनी कपडे वाळत घालायला असते. गच्चीवर जा. आधी सर्वांत कमी मोठं दाखवणारं आयपीस लावायचं. फाइंडर दिवसाउजेडी लांबच्या टाकीवर जुळवायचा. दुर्बीण अर्धा तास बाहेर ठेवून थंड होऊ द्यायची. आणि पहिले दोन महिने फक्त चंद्र. शनी पळून जात असेल तर मला फोन करा."

पूर्णिमाला राग आला, पण तिने सगळं ऐकलं. पुढच्याच रविवारी दुपारी तिने माझा फाइंडर दूरच्या पाण्याच्या टाकीवर जुळवला. ढग फाटले की ती मला बाहेर काढू लागली. एकदा पंचमी-षष्ठीचा चंद्र तिला माझ्यातून स्वच्छ दिसला. उजेड-अंधाराच्या सीमेवरचे खड्डे, त्यांच्या सावल्या. ती इतक्या मोठ्याने ओरडली की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर मान करून विचारलं, "आपलं काही पडलं का?"

तिने वडिलांना खुर्चीसकट बाल्कनीत आणलं. सोनबांनी माझ्या आयपीसला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"दिसतो ना?"

"उजेड हाय," ते म्हणाले. "चांगला उजेड हाय."

पूर्णिमाने टाळ्या वाजवल्या. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण मित्रांनो, चंद्राकडे पहिल्यांदा पाहणारा माणूस खड्डे म्हणतो, डाग म्हणतो, चाळणी म्हणतो, दगड म्हणतो. नुसता उजेड म्हणत नाही. त्यांच्या डोळ्याची बाहुली माझ्या काचेसमोर होती, आणि मी पाठवलेल्या चंद्रावर ती कुठे ठरतच नव्हती. मला तेव्हाच कळलं. हे सांगायला तोंड नाही, याचं दुःख मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

त्यानंतर सोनबा टाळाटाळ करू लागले. "आज गुडघे दुखतेत." "तू पाह्य, मी मागून पाहीन." चहाचा कप ठेवताना ते आधी टेबलाची कड शोधत. कोणी हाक मारली की फक्त डोळे न वळवता सगळी मान वळवत. एकदा ते माझ्या तिपाईला अडखळून पडता पडता वाचले. पूर्णिमा घाईत होती. "बाबा, एवढी मोठी दुर्बीण दिसत नाही का?" असं म्हणून ती कामाला निघून गेली. सोनबा माझ्या नळीला धरून तसेच उभे राहिले. दार बंद झाल्यावरही बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

दिवाळीनंतर आकाश स्वच्छ झालं. संध्याकाळी अंधार पडला की शनी चांगला वर येऊन बसलेला असे. पूर्णिमाने गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडून मिळवली. गच्चीच्या दारावर पाटी होती, "गच्ची ही फिरायची जागा नाही. तरीही फिरणाऱ्यांनी दार लावून घ्यावे." आम्ही दार लावून घेतलं. खाली बायपासवर गाड्यांची रांग, चोहोकडे इमारतींचे दिवे, पण डोक्यावर शनी होता. तिने कमी ताकदीचं आयपीस लावलं, ठिपका मध्ये आणला, मग जास्त ताकदीचं लावलं. हात आता सरावले होते. आणि मी तिला दाखवला. लहानसा, पिवळसर, दोन्ही बाजूंनी बारीक कडं. खोक्यावरच्या चित्राच्या नखाएवढासुद्धा नाही. पण खरा.

ती रडली. मग धावत खाली गेली आणि वडिलांना हाताला धरून घेऊन आली.

"नको पोरी. उद्या पाहू."

"उद्या उद्या करत दिवाळी गेली, बाबा! तुम्हाला बघायचंच नाहीये का? मी कोणासाठी हे सगळं शिकले?"

सोनबा पुढे सरकले. ते वाकले. पूर्णिमाने त्यांचं डोकं अलगद धरून डोळा आयपीसवर आणला. पृथ्वी फिरते, म्हणून शनी माझ्या काचेतून सरकत जातो. तो सरकून बाहेर जाई, पूर्णिमा मला पुन्हा हलवून त्याला मध्ये आणी. असं तिने चार-पाच वेळा केलं. त्यांनी एक डोळा लावला, मग दुसरा. मी माझ्यातला सगळा प्रकाश त्या डोळ्यांत सोडत होते. तो पुढे कुठेच पोचत नव्हता.

"दिसला?"

सोनबा सरळ झाले. त्यांनी हात पुढे केला आणि हवेत चाचपून तिचा खांदा शोधला.

"पूर्णिमा, मले तूही दिसत नाही आता. आवाजाकडे पाहतो मी."

खाली कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. पूर्णिमाने त्यांचा हात खांद्यावरच धरून ठेवला.

"कधीपासून?" तिने शेवटी विचारलं.

"एक डोळा गावाकडंच गेला होता. शिबिरात डॉक्टरनं थेंब देल्ले होते. ते संपले, मंग सोडून देल्ले. दुखत नव्हतं ना काही. दुसराही हळूहळू..."

"मला का नाही सांगितलं?"

"तू दिवसभर ऑफिसात. त्यात माह्या डोळ्याचं कुठं काढू? आन् तू या दुर्बिणीपायी इतकी खूश होतीस. मले वाटलं, दिसन एखाद्या दिवशी."

त्या रात्री कोणीच जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. परतल्यावर तिने परगावी असलेल्या भावाला फोन करून जे सांगितलं ते मी कोपऱ्यातून ऐकलं. काचबिंदू. थेंब आयुष्यभर घालायचे असतात. तो आजार दुखत नाही, आवाज करत नाही, कडेकडेने नजर खात आत येतो. वेळेवर थेंब मिळाले तर उरलेली नजर टिकते. गेलेली परत येत नाही. "उन्हाळ्यात आणलं असतं तर एका डोळ्यात काही तरी वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले," ती म्हणाली, आणि मग पलीकडून भाऊ हॅलो हॅलो करत राहिला.

उन्हाळ्यात तिने मला आणलं होतं.

काही दिवसांनी तिने एकदा प्रयत्न केला. सोनबांच्या शेजारी बसून ती सांगू लागली, "बाबा, तो असा लहान होता, मोत्यासारखा, आणि त्याच्या भोवती..."

"राहू दे," सोनबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "सांगितलेलं दिसत नाही, पोरी."

तिने मला उचललं. झाकण न लावताच माझी तिपाई मिटली आणि मला माळ्यावर टाकलं. मंडळात जाणं बंद झालं. राधाताईंचा फोन आला तर तिने उचलला नाही. गच्चीची किल्ली परत केली. आता संध्याकाळ झाली की ती खिडक्यांचे पडदे ओढून घेते. घरात मोजकं बोलणं होतं. थेंब घालायची वेळ झाली, समोर पायरी आहे, भाजी डाव्या हाताला ठेवली आहे. सोनबा "हो" म्हणतात. ते तिच्यावर रागावलेले नाहीत. तिला ते रागावलेले चालले असते, असं मला वाटतं.

पावसाळ्याची ओल माळ्यावर उतरली आणि माझ्या भिंगाला बुरशी लागली. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. आता माझ्यातून चंद्र पाहिला तर मलाही म्हणावं लागेल, नुसता उजेड आहे. मध्यंतरी शेफाली नावाची एक कॉलेजातली मुलगी मला न्यायला आली होती. पूर्णिमा मला फुकट देऊन टाकणार होती. मुलीने मोबाईलच्या टॉर्चने माझ्यात पाहिलं आणि ओशाळून म्हणाली, "ताई, ही आता गेलीय." पूर्णिमाने मान हलवली. मी पुन्हा गादीशेजारी आले.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी असेल तर तिला कोरड्या जागी ठेवा. झाकण लावायला विसरू नका. भिंगाला बोटं लावू नका. पण हे सगळं माझ्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकातही होतं. त्यात नसलेलं मी सांगते. घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर एकदा नीट बसा. त्यांच्या डोळ्यांकडे पाहा आणि विचारा, तुम्हाला मी दिसतो का, दिसते का. ते "हो" म्हणतील. त्यांच्या "हो"वर विश्वास ठेवू नका. त्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. दुर्बीण नंतर आणा.

शनी कुठेही जात नाही.