गुरुवारचे आकडे

चार वर्षं मंदाकिनीबाई दातओठ खात होत्या, आणि का खाऊ नयेत? दिग्विजयसरांनी त्यांचं काम सरळ घशात घातलं होतं. अणुभट्टीतला कचरा खोल समुद्राच्या तळाखालच्या चिकणमातीत हजारो वर्षं पुरून ठेवता येईल का, हे ठरायचं होतं. त्या मातीतून पाणी किती झिरपतं ते कात्रजच्या प्रयोगशाळेत बाईंनीच मोजलं, दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. अहवालावर नाव मात्र फक्त सरांचं. बाई जाब विचारायला गेल्या तर म्हणे, मापं घेणं म्हणजे काही संशोधन नव्हे. वर त्यांना रजेचे अर्ज तपासायला बसवलं. मेला निगरगट्ट!

२००२ साली एका सॉफ्टवेअर कंपनीने तोच अहवाल घेऊन संगणकावर समुद्राचा तळ उभा केला. परदेशी पाहुण्यांपुढे मिरवायला सर, आणि चहापाण्याचं बघायला बाई. पडद्यावर तक्ता आला, बाईंनी चष्मा पुसून पाहिला आणि त्यांच्या जिवाला थंडावा मिळाला. वहीतली गुरुवारची मापंही सरांनी जशीच्या तशी उचलली होती. दर गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली पुण्यात वीज जायची. मातीत पाणी दाबणारा पंप बंद पडला की दाब उतरायचा, पाणी कमी झिरपायचं आणि माती आहे त्याहून घट्ट वाटायची. बाद म्हणून त्या ओळींवर बाई पेन्सिलीने बारीक फुली मारत. टायपिस्टला कसली दिसतेय ती!

गप्प बसता आलं असतं. पण उद्या कचरा खरंच पुरला आणि बाहेर झिरपला तर? शिवाय, खरं सांगायचं तर, अशी आयती संधी सोडायला बाई काही संत नव्हत्या. त्या उठल्या.

"सर, गुरुवारचे आकडे का धरलेत?"

"कुठले गुरुवार?"

मागच्या रांगेतले पुणेकर इंजिनिअर फिसकन हसले. पाहुण्यांच्या प्रमुखबाईंनी हसण्याचं कारण विचारलं, ते ऐकून सरांकडे वळल्या, आणि पंप बंद असताना मोजलंत का म्हणून विचारलं. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. चूक पत्करावी तर अब्रू जाते, झटकावी तर चोरी उघडी पडते. त्यांनी झटकली.

"मापं माझी नाहीत. ती मंदाकिनीबाईंनी घेतली."

"सगळी?" बाईंनी विचारलं.

"सगळी."

अहवाल दुरुस्त करून द्याल का, असं प्रमुखबाईंनी मंदाकिनीबाईंना विचारलं. वही घरी आहे, आठवड्यात देते, असं त्या म्हणाल्या. मग सरांकडे न बघताच त्यांनी पुढचं सांगितलं.

"फक्त आधी यांचं नाव काढा."