सगळ्यांना एकच रंग

आज सकाळी अकरा वाजता चित्रपट-संग्रहालयात माझे झाकण उघडण्यात आले. आतला रंग सुकून भेगाळला आहे.

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्यात चेहऱ्याला लावायचा तपकिरी रंग असे. कारखान्यातून निघालो तो थेट एका स्टुडिओच्या रंगभूषेच्या खोलीत येऊन पडलो. तेव्हा गलबतांचे, तलवारींचे, वाळवंटातल्या टोळ्यांचे चित्रपट धो धो चालत. टोळीचा सरदार हवा असला की गोऱ्यापान नायकाला खुर्चीत बसवत. रंगभूषाकार कानामागे, मानेवर माझा रंग चोपडी. वर्तमानपत्रे लिहीत, ‘हुबेहूब!’ त्या कौतुकाने मीही फुगत असे.

स्टुडिओत एक उंटवाला होता. वाळवंटातच जन्मलेला. नायकाच्या नावावरच्या सगळ्या उड्या तोच मारी, पण कॅमेऱ्याकडे पाठ करून. एकदा त्याला चक्क एक वाक्य मिळाले, तेही समोरून : “सरदार, विहीर आटली.” आमच्या खोलीतल्या आरशासमोर तो ते पुन्हा पुन्हा म्हणे.

चित्रीकरणाच्या दिवशी दिग्दर्शकाच्या कपाळाला आठी पडली. “हा टोळीतला वाटत नाही.”

“साहेब, हाच तर तिकडचा आहे,” रंगभूषाकार म्हणाला.

“असेल. पण याच्या शेजारी सरदार खोटा दिसतो. यालाही रंगवा.”

उंटवाला खुर्चीत बसला. “दादा, मी घरूनच रंगून आलोय की.”

“हुकूम आहे. डोळे मीट.”

“मग उंटालाही लावा. तोही तिकडचाच आहे.”

रंगभूषाकाराने माझ्यात बोटे बुडवली. माझा रंग त्याच्या रंगावर बसला. वर सगळ्या टोळीची असते तशी खोटी दाढी चिकटवली. एवढे करूनही दिग्दर्शकाचे समाधान झाले नाही. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य एका गोऱ्या नटाकडून म्हणवून घेतले. तोच रंग, तीच दाढी. आवाज तर दोघांच्याही तोंडी तिसऱ्याचाच घातला. दोघांतला कोण चित्रपटात ठेवला, ते उंटवाल्याला कळलेच नाही. चित्रपट लागण्याआधी नायकाची एक उडी मारताना तो पडला आणि उठला नाही. घरी त्याची मुलगी पाळण्यात होती.

पुढे असे चित्रपट मागे पडले. मी फडताळात गंजत राहिलो.

आता त्या चित्रपटाची झिजलेली प्रत दुरुस्त होते आहे. मूळ छटा जुळवायला मला बाहेर काढले आहे. ज्यांची नावे कधी पडद्यावर आली नाहीत, ती यावेळी शेवटी द्यायची आहेत. म्हणून उंटवाल्याची मुलगी आली आहे. केस पांढरे झालेत तिचे. घरी बापाचा एकही फोटो नाही.

तंत्रज्ञाने त्या वाक्याचे दृश्य थांबवून धरले. “मावशी, हेच का तुमचे वडील?”

ती पडद्याजवळ गेली. मग तिने माझ्याकडे वळून पाहिले. “या रंगाखाली कोण आहे, ते कसं सांगू रे?”

“खात्री नसली तर नाव घालता येत नाही हो.”

“पुन्हा लाव.”

मित्रांनो, माझ्यासारखे डबे जपून ठेवले नाहीत तरी चालेल. माणसांचे चेहरे मात्र ती असतानाच नीट पाहून ठेवा.

दुरुस्त प्रत उद्या पाठवायची आहे. तिने ते दृश्य आत्ता पुन्हा लावायला सांगितले आहे. शेवटच्या यादीत ‘सरदार, विहीर आटली’ या वाक्यापुढची नावाची जागा अजून रिकामी आहे.